फ्रॅक्टल आणि फ्रॅक्टल आर्ट

फ्रॅक्टल म्हणजे अशी आकृती जिच्या कितीही जवळ गेलं तरी खडबडीतपणा संपत नाही, आणि बऱ्याचदा तिच्या तुकड्यात अख्ख्या आकृतीचंच बारकं रूप दिसतं. नाव दिलं बेन्वा मांडेलब्रॉ या गणितज्ञाने, १९७५ साली, फ्रॅक्टस म्हणजे तुटलेलं, मोडलेलं अशा लॅटिन शब्दावरून. मराठीतही सगळे फ्रॅक्टलच म्हणतात.

सांगलीकडच्या माणसाला समजवायला हळदीचा कंद पुरे. मधे जेठा गड्डा, त्याला बाजूने फुटलेली हळकुंडं, हळकुंडांना परत बारकी बोटं. फ्लॉवरचा गड्डा मोडला तरी तेच, प्रत्येक तुरा म्हणजे छोटा फ्लॉवर. फक्त निसर्गात हे तीन-चार पायऱ्यांनंतर थांबतं, गणितात थांबत नाही.

आता कृष्णा बघा. महाबळेश्वरला उगम, माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, आणि या प्रत्येकीला स्वतःचे ओढे, ओढ्यांना ओहोळ, म्हणजे नकाशावर आडवं झाडच पडलंय. हिची लांबी मोजायची तर कंपास दहा किलोमीटरवर उघडून मोजा, मग एक किलोमीटरवर. दुसऱ्यांदा आकडा वाढतो, कारण आधी गाळलेली वळणं आता धरली जातात. मांडेलब्रॉने १९६७ मध्ये हाच प्रश्न ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल विचारला होता, आकडे लुईस फ्राय रिचर्डसन या हवामानशास्त्रज्ञाने आधीच गोळा केलेले होते. आणि उत्तर काय, तर लांबी तुमच्या मोजपट्टीवर ठरते, त्यामुळे लांबी विचारण्यापेक्षा खडबडीतपणा किती ते विचारा.

त्यासाठीच मिती हा आकडा. रेघ दुप्पट केली की मूळ रेघेएवढे २ तुकडे होतात, चौकोनाची बाजू दुप्पट केली की ४, ठोकळ्याची केली की ८, म्हणजे २ चा पहिला, दुसरा, तिसरा घात, म्हणून मिती १, २, ३. सिअरपिन्स्कीचा त्रिकोण (१९१५, त्रिकोणाच्या मधला उलटा त्रिकोण कापायचा, उरलेल्या तिन्हींतही तेच, असं कापतच जायचं) दुप्पट केला तर तुकडे होतात ३! मग मिती १ आणि २ च्या मधे, साधारण १.५८. फॉन कॉखची हिमकळी (१९०४, त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूच्या मधल्या तिसऱ्या भागावर छोटा त्रिकोण, मग नवीन बाजूंवरही तसंच) अजून गंमतशीर, दर पायरीला तिचा परिघ ४/३ पट होतो म्हणजे वाढतच राहतो, पण क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या ८/५ पटीच्या पुढे कधीच जात नाही. नुसतं परत परत येणारं डिझाईन म्हणजे फ्रॅक्टल नव्हे, साडीच्या काठावर एकाच मापाच्या कोयऱ्या असतात तो फ्रॅक्टल नाही, कोयरीच्या आत कोयरी आणि तिच्याही आत कोयरी आली तर मग बोलू.

सिअरपिन्स्की घरी काढता येतो. वहीत त्रिकोणाचे तीन कोपरे मांडा, आत कुठेही टिंब द्या, फासा टाका, १-२ पडले तर पहिला कोपरा, ३-४ ला दुसरा, ५-६ ला तिसरा. टिंबापासून त्या कोपऱ्यापर्यंतच्या निम्म्या अंतरावर नवीन टिंब, परत फासा. दोनेकशे टिंबांनंतर त्रिकोणात त्रिकोण दिसायला लागतात, मधे भोकं ठेवून (सुरुवातीची चार-पाच टिंबं खोडा).

फ्रॅक्टल आर्टचा, म्हणजे अशा आकृत्यांच्या चित्रांचा, खरा राजा मात्र मांडेलब्रॉ संच. एक आकडा सी घ्या, शून्यापासून सुरू करा, दर वेळी आलेल्या आकड्याचा वर्ग करून त्यात सी मिळवा. सी १ असेल तर ०, १, २, ५, २६, सुटलाच. सी उणे १ असेल तर ०, उणे १, ०, उणे १, तिथेच घुटमळतो. घुटमळणारे काळे रंगवायचे, आणि सुटणारे किती पायऱ्यांत २ च्या पलीकडे गेले त्यावरून रंग द्यायचा. हे काल्पनिक संख्यांसकट (उणे १ च्या वर्गमुळापासून बनणाऱ्या, त्यामुळे सी हा कागदावरचा एक बिंदू होतो) केलं की आडव्या मुंगळ्यासारखा आकार येतो आणि त्याच्या कडेला झूम करत गेलं की आत परत मुंगळे. हिशोब मशीनच करतं, तरी झूम कुठे थांबवायचा आणि कुठला रंग कुठे हे माणूसच ठरवतो, माझ्या मते कला तिथेच आहे. अशी चित्रं काढायचं XaoS हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुरुवातीला तेच बरं. मांडेलब्रॉ संचाचा थ्रीडी भाऊ म्हणजे मांडेलबल्ब, तो २००९ चा.

सिनेमातले डोंगरही यातूनच आले. लॉरेन कार्पेंटर या कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्याने त्रिकोण तोडत, मधले बिंदू थोडे वरखाली सरकवत १९८० मध्ये कॉम्प्युटरवर डोंगर उभे केले. पण त्या साध्या पद्धतीने टोकदार शिखरं येतात, आपला अजिंक्यतारा किंवा सज्जनगड नाही येत, कारण बेसॉल्टच्या थरांमुळे इथे माथा सपाट आणि कडे पायरीपायरीचे, त्याला वेगळा नियम घालावा लागतो.

झूमलाही हद्द असते. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्याला साधारण सोळा अंक मिळतात, त्यामुळे एकावर तेराएक शून्य इतकं मोठं केलं की शेजारशेजारचे बिंदू सारखेच वाटायला लागतात आणि चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. पुढे जायचं तर जास्त अंकांचं गणित चालू करायचं आणि एका फ्रेमसाठी कधीकधी रात्रभर मशीन चालू ठेवायचं, लाईट गेली की पहिल्यापासून.