मुक्ती सदन, केडगाव

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांनी दुष्काळात सापडलेल्या, विधवा व निराधार स्त्रियांसाठी उभारलेली ख्रिस्ती संस्था. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथे ती आहे, नगरजवळच्या केडगावाशी तिचा संबंध नाही.

स्थापनेचे वर्ष १८९६, १८९७, १८९८ असे निरनिराळे दिले जाते. प्रारंभ कशाला म्हणायचे, यावर ते अवलंबून आहे. केडगावची जमीन मूळची आश्रमासाठी घेतलेली नव्हती. शारदा सदन या रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला (मुंबई, ११ मार्च १८८९, पुढे पुणे) अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. ती संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा जमीन घेण्यामागचा हिशेब होता. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तेथून मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती असल्याने शारदा सदनातील संख्या वाढवायला मनाई झाली. तेव्हा या मुलींना केडगावच्या मळ्यावर झोपड्यांत व तंबूंत ठेवावे लागले. पक्क्या इमारती त्यानंतरच्या. चर्चची कोनशिला १८९९ ची. इमारतींवरून वर्ष ठरवणारे १८९८ मानतात. वसाहत प्रत्यक्ष वसली ती १८९७ मध्ये, हे अधिक सयुक्तिक दिसते.

प्रेरणेविषयीही दोन मते आहेत. काहींच्या मते मुक्ती हे रमाबाईंच्या धर्मांतराचे (वाँटेज, इंग्लंड, २९ सप्टेंबर १८८३) फळ होय. इतर लेखक आर्य महिला समाज (पुणे, १८८२) व हंटर शिक्षण आयोगापुढील साक्ष यांकडे बोट दाखवून विधवांविषयीची कळकळ त्याआधीची ठरवतात. दुसरे मत नाकारता येत नाही. मात्र ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना आसरा देण्याची कल्पना रमाबाईंनी लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती जोगिणींच्या (‘सिस्टर्स’च्या) कामात पाहिली, आणि कृपा सदन हा विभाग त्याच वाटेने आला. शिवाय रमाबाईंचे आईवडील दक्षिणेतील दुष्काळात १८७४ च्या सुमारास वारले होते. भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती.

शारदा सदन धर्मनिरपेक्ष म्हणून काढलेले होते. तेथील धर्मांतरांवरून १८९३ मध्ये वाद पेटला आणि सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर बाहेर पडले. मुक्ती मात्र आरंभापासून उघडपणे ख्रिस्ती होती. भुकेल्या मुलींच्या धर्मांतरावरील टीका त्यामुळे थांबली नाही.

१९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या व रहिवाशांची संख्या दीड हजारावर गेली. विहिरी, शेती, हातमाग, तेलघाणा, शिवण, धुलाई, सारे मुलींच्याच हाती होते. अंध मुलींसाठी बार्तमी सदन निघाले (नाव शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयावरून) व त्यांना ब्रेल शिकवले जाई. १९०५ मधील धार्मिक जागृतीमुळे संस्थेचे नाव परदेशी गेले. पेंटेकोस्टल चळवळीचे (पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी ख्रिस्ती चळवळ) अभ्यासक तिला महत्त्व देतात.

छापखाना ही येथील सर्वांत वेगळी गोष्ट. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असून साध्या बाईला कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सर्व बायबल स्वतः भाषांतरित केले. आश्रमात येण्यापूर्वी बाराखडीही न पाहिलेल्या मुली इथे खणांच्या पेटीसमोर उभ्या राहून छपाईचे खिळे जुळवत, छापत आणि बांधणीही करत. सोप्या मराठीचा एवढा आग्रह धरणाऱ्या बाईंनी संस्थेला ‘तारण’ (उद्धारासाठी मराठी ख्रिस्ती लोकांत रूढ असलेला शब्द) न म्हणता ‘मुक्ती’ म्हणावे, ही गंमतच. अखेरची मुद्रिते तपासून झाल्यावर लगेच त्यांचे निधन झाले (५ एप्रिल १९२२), असे परंपरेने सांगतात. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. स्त्रीने केलेले हे जगातील पहिले संपूर्ण बायबल भाषांतर, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. अमेरिकेतील ज्यूलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच छापले गेले होते.

कन्या मनोरमाबाई, ज्यांच्याकडे कारभार जाणार होता, १९२१ मध्येच वारल्या. पुढे संस्था परदेशी व भारतीय कार्यकर्त्यांनी चालवली. ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने ती आजही केडगावला चालू आहे.