सोंड आणि बाहू : पॅरिसमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

हत्तीची सोंड आणि ऑक्टोपसचा बाहू यांचा अभ्यास आज एकत्र होतो. पण समुद्रातल्या मऊ जिवाला कण्याच्या प्राण्याशेजारी ठेवावे का, यावरून १८३० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोन जुने मित्र भर सभेत भिडले होते.

हे दोघेही प्राणिशास्त्रज्ञ. जॉर्ज क्युव्हिए १७९५ मध्ये पॅरिसला आला, तेव्हा एतिएन जॉफ्रॉय सँत-इलेरने त्याला हात दिला. क्युव्हिएचे नाव झाले ते हत्तीमुळे. फ्रेंच सैन्याने हॉलंडमधून लुटून आणलेल्या संग्रहात सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) आणि आफ्रिकेतल्या केपच्या हत्तींच्या कवट्या होत्या. त्याने दाढा निरखल्या. सिलोनच्या हत्तीच्या दाढेवर आडव्या, नागमोडी पट्ट्या, तर केपच्या हत्तीच्या दाढेवर शंकरपाळ्यांसारखे आकार. या दोन वेगळ्या जाती आहेत आणि सायबेरियातला मॅमथ ही तिसरी, नामशेष झालेली जात, असे त्याने १७९६ मध्ये मांडले. एखादी जात पृथ्वीवरून समूळ नाहीशी होऊ शकते, हे तेव्हा अनेकांना मान्यच नव्हते. मला त्याचे हे काम सर्वांत मोठे वाटते.

पुढे १८१२ मध्ये त्याने प्राणिसृष्टीचे चार विभाग पाडले. त्यांच्यामध्ये पूल नाही, असे तो ठामपणे सांगे. जॉफ्रॉयला मात्र सगळीकडे एकच आराखडा दिसे. लॉब्स्टर उताणा ठेवला की त्याच्या अवयवांची मांडणी आपल्यासारखी दिसते, असे त्याने १८२२ मध्ये लिहिले. मग मेरॉ आणि लोरांसे या दोघांनी आणखी पुढची कल्पना मांडली : कण्याचा प्राणी बेंबीपाशी पाठीकडे दुमडला की ऑक्टोपसच्या नात्यातल्या कटलफिशची रचना मिळते. १५ फेब्रुवारी १८३० रोजी जॉफ्रॉयने ती उचलून धरली. पुढच्याच आठवड्यात क्युव्हिएने आकृत्या मांडून ती खोडून काढली.

कटलफिशपुरते क्युव्हिएचेच बरोबर होते. या प्राण्याला तीन हृदये असतात, त्याची अन्ननलिका मेंदूमधून जाते. कितीही दुमडले तरी हत्तीत हे सापडणार नाही. पण क्युव्हिएच्या चार विभागांमधल्या भिंती टिकल्या नाहीत. १९९० च्या दशकात कळले की माशीची पाठ-पोट ठरवणारी जनुके बेडकातही आहेत, फक्त उलट बाजूंना. जॉफ्रॉयचा उताणा लॉब्स्टर पुन्हा चर्चेत आला.

सोंड-बाहूची आजची तुलना वंशाची नाही, कामाची आहे. म्हणजे अवयवाकडे कामाच्या नजरेने पाहणाऱ्या क्युव्हिएला पटणारी. सोंड हे नाक आणि वरचा ओठ. बाहूचा त्यांच्याशी संबंध नाही. पण दोन्हींत हाड नाही. १९८५ मध्ये कियर आणि स्मिथ या जीवशास्त्रज्ञांनी त्यांचे सामायिक तत्त्व मांडले : स्नायूंचे आकारमान बदलत नाही, म्हणून आडवे स्नायू आवळले की अवयव बारीक होऊन लांबतो. ऑक्टोपस तर अन्न तोंडाशी नेताना सांधा नसलेल्या बाहूत तेवढ्यापुरते कोपर तयार करतो.