इलेक्ट्रोस्प्रे आयनीभवन

द्रावणातील रेणूंना विद्युत् भार देऊन, त्यांची मोडतोड न होऊ देता, वायुरूप अवस्थेत आणण्याची ही एक पद्धत आहे. प्रथिने, पेप्टाइडे (ॲमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) आणि न्यूक्लिइक आम्ले यांसारख्या मोठ्या जैवरेणूंचे द्रव्यमान मास स्पेक्ट्रोमीटर या उपकरणाने मोजण्यासाठी तिचा सर्वाधिक उपयोग होतो. पद्धतीच्या विकासाबद्दल अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन फेन (१९१७–२०१०) यांना २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. फेन जीवरसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग वायूंच्या वेगवान झोतांचा अभ्यास करण्यात गेला होता. प्रथिनांच्या विश्लेषणातील अडसर त्यांच्या हातून दूर झाला तो याच अनुभवामुळे.

मास स्पेक्ट्रोमीटर हा एक प्रकारचा तराजू असला तरी त्याची एक अट आहे : ज्याचे वजन करायचे तो कण विद्युत् भारित हवा आणि निर्वातात मोकळा हवा. असे भारित कण, म्हणजे आयन, विद्युत् किंवा चुंबकीय क्षेत्रातून जाताना आपले द्रव्यमान आणि भार यांच्या गुणोत्तरानुसार वेगवेगळे वागतात आणि त्यावरून त्यांचे द्रव्यमान काढता येते. सहज वाफ होणाऱ्या लहान रेणूंच्या बाबतीत ही अट पाळणे अवघड नसते. प्रथिनाचे तसे नाही. साखर तापवली तर तिची वाफ होण्याआधीच ती करपते. प्रथिन तर साखरेहून कितीतरी मोठे आणि नाजूक असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील क्लाउस बीमान यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून लहान पेप्टाइडांवर रासायनिक प्रक्रिया करून ती बाष्पनशील बनवली आणि त्यांच्यातील ॲमिनो आम्लांचा क्रम शोधण्यास आरंभ केला. १९८१ मध्ये मँचेस्टर येथील मायकल बार्बर यांच्या गटाने ग्लिसरॉलमध्ये विरघळवलेल्या नमुन्यावर वेगवान अणूंचा मारा करण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे काही हजार डाल्टन (रेणूंच्या द्रव्यमानाचे एकक) द्रव्यमानाची पेप्टाइडे हाताळता येऊ लागली, परंतु सर्वसाधारण प्रथिने आवाक्याबाहेरच राहिली.

कार्यपद्धती : नमुन्याचे द्रावण (बहुधा पाणी आणि मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल यांचे थोडे आम्लयुक्त मिश्रण) एका बारीक केशनलिकेतून अतिशय सावकाश सोडले जाते आणि नलिकेला काही हजार व्होल्ट विभव दिला जातो. तीव्र विद्युत् क्षेत्रामुळे नलिकेच्या टोकाशी असलेला द्रवाचा थेंब ओढला जाऊन शंकूसारखा होतो. हा शंकू जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये गणिताने स्पष्ट केला, म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. शंकूच्या अग्रातून भारित थेंबांचा बारीक फवारा निघतो. कोमट, कोरड्या नायट्रोजनात थेंबातील द्रावक उडून जात राहतो. थेंब लहान होतो, पण त्याच्यावरील भार तेवढाच राहतो. भारांचे परस्परांना दूर लोटणे पृष्ठताणाला भारी पडू लागले की थेंब फुटून आणखी लहान थेंब होतात. ही मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्येच गणिताने काढून ठेवली होती. असे पुनःपुन्हा होत शेवटी द्रावकापासून मुक्त झालेले भारित रेणू उरतात. हा शेवटचा टप्पा नेमका कसा घडतो याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार थेंब आटत आटत त्यात एकच रेणू उरतो आणि थेंबाचा भार त्याच्याकडे येतो. इरिबार्न आणि थॉमसन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या मतानुसार थेंब पुरेसा लहान झाला की आयन त्याच्या पृष्ठभागावरून थेट उडून जातो. लहान आयनांना दुसरे स्पष्टीकरण आणि घडी घातलेल्या मोठ्या प्रथिनांना पहिले अधिक लागू पडते, असे आज सामान्यतः मानले जाते.

इतिहास : मोठे रेणू फवाऱ्यातून वायूत आणण्याची कल्पना नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मॅल्कम डोल यांची. मोटारींच्या सांगाड्यांना विद्युत् भारित रंगाचा फवारा कसा देतात हे एका रंग कंपनीचे सल्लागार म्हणून काम करताना त्यांना समजले आणि त्यातून ती सुचली. १९६८ मध्ये त्यांनी पॉलिस्टायरिनच्या रेणूंवर प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगांचा अर्थ लावणे मात्र कठीण होते, कारण द्रव्यमान अचूक मोजण्याची सोय त्यांच्या मांडणीत नव्हती. येथे फेन यांच्या पूर्वायुष्याचा संबंध येतो. १९४० मध्ये येल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी बारा वर्षे उद्योगक्षेत्रात काढली. पुढे १९५२ मध्ये ते प्रिन्स्टनला आणि १९६७ मध्ये पुन्हा येलला आले. वायू अधिक दाबाच्या जागेतून निर्वातात सोडला की त्याचा ध्वनीपेक्षा वेगवान झोत बनतो आणि तो प्रसरण पावताना विलक्षण थंड होतो, हा त्यांच्या रोजच्या कामाचा विषय होता. साहजिकच डोल यांच्या मांडणीतील दोष त्यांच्या ध्यानात आला. थेंबांतून सुटलेले आयन द्रावकाच्या वाफेसकटच निर्वातात जात होते आणि झोतातील थंडीमुळे ती वाफ पुन्हा त्यांच्यावरच साकळत होती, म्हणजे मोठ्या कष्टाने सुटे केलेले रेणू परत ओले होत होते. यावर फेन यांनी योजलेला उपाय अगदी साधा होता. फवाऱ्याच्या उलट दिशेने कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह सोडायचा. भारित कण विद्युत् क्षेत्राच्या जोरावर त्यातून पुढे जातात आणि वाफ मागे लोटली जाते. मासामिची यामाशिता यांच्याबरोबर केलेले हे काम १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये लिडिया गाल यांचा समावेश असलेल्या गटानेही असेच काम स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले, पण पाश्चात्त्य लेखनात त्याची दखल बराच काळ अपुरीच राहिली. पुढच्याच वर्षी फेन यांच्या प्रयोगशाळेने द्रव क्रोमॅटोग्राफ (द्रवातील मिश्रणाचे घटक वेगळे करणारे उपकरण) आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांना जोडणारी मांडणी प्रसिद्ध केली.

अनेक भारांचे महत्त्व : फेन यांच्याकडील उपकरणाला द्रव्यमान-भार गुणोत्तर सुमारे १,५०० पर्यंतच मोजता येत असे. त्यामुळे हजारो डाल्टनचे प्रथिन त्यात दिसेल अशी अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात ते दिसले, कारण एका प्रथिनावर एक नव्हे तर दहा, पंधरा, वीस प्रोटॉन बसत होते आणि गुणोत्तर तितक्या पटींनी खाली येत होते. त्याबरोबर एक गैरसोयही आली. उपकरणाच्या आलेखात, म्हणजे वर्णपटात, एकाच प्रथिनाचे एक शिखर न मिळता शिखरांची लांबलचक माळ मिळू लागली, आणि संकेत अनेक तुकड्यांत विभागला जाणे हा प्रथमदर्शनी तोटाच वाटत होता. फेन आणि त्यांचे विद्यार्थी (त्यांत पुढे प्रथिनविज्ञानात मोठे नाव मिळवलेले माथियास मान होते) यांनी या माळेकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले : शेजारच्या दोन शिखरांत एकाच प्रोटॉनचा फरक असेल, तर प्रत्येक जोडी म्हणजे त्याच द्रव्यमानाचे एक स्वतंत्र मोजमाप ठरते. घोड्याच्या स्नायूतील मायोग्लोबिन या प्रथिनाचे उदाहरण घेता येईल. त्याची दोन शेजारची शिखरे ९९८.१५ आणि १०६०.४८ येथे दिसली असे धरू. लहान आकड्यातून प्रोटॉनचे द्रव्यमान (१.००७) वजा करून उरलेल्या संख्येला दोन शिखरांमधील अंतराने, म्हणजे ६२.३३ ने, भागले की १६ येतात. म्हणजे मोठ्या आकड्याच्या शिखरावर सोळा भार आहेत. मग १०६०.४८ मधून १.००७ वजा करून १६ ने गुणले की प्रथिनाचे द्रव्यमान सुमारे १६,९५१.६ डाल्टन मिळते. माळेतील सर्व जोड्यांची सरासरी घेतली की अचूकता आणखी वाढते. १९८८ मध्ये प्रथिनांचे असे वर्णपट सादर झाले आणि १९८९ च्या लेखाने पद्धतीचा झपाट्याने प्रसार केला. अवजड रेणूंना फेन उडत्या हत्तींची उपमा देत असत.

ही मान्यता मिळाली तेव्हा फेन निवृत्तीचे वय ओलांडून गेले होते. येलच्या नियमानुसार सत्तरी पूर्ण झाल्यावर, १९८७ मध्ये, त्यांना नियमित प्राध्यापकपद सोडावे लागले. १९९४ मध्ये ते रिचमंड येथील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात गेले. इलेक्ट्रोस्प्रेच्या एका पेटंटच्या मालकीवरून येल आणि फेन यांच्यात खटला चालला. २००५ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागून फेन यांनी येलला दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यावी असा आदेश झाला. पंच्याऐंशी वर्षांचे असताना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांच्यात आणि शिमाद्झू कंपनीतील कोइची तानाका यांच्यात विभागला गेला होता. तानाका यांचे काम लेसरच्या साहाय्याने प्रथिने वायूत आणण्याबद्दल होते. आज प्रयोगशाळांतून रूढ असलेली लेसर पद्धत मात्र मिखाएल कारास आणि फ्रान्झ हिलेनकाम्प यांनी विकसित केलेली आहे, आणि या दोघांना पारितोषिकातून वगळल्याबद्दल त्या वेळी बरीच टीका झाली.

उपयोग : लेसर पद्धतीत नमुना घन स्फटिकांत मिसळावा लागतो आणि आयनावर बहुधा एकच भार असतो, इलेक्ट्रोस्प्रेत नमुना द्रवरूपच राहतो, म्हणून क्रोमॅटोग्राफमधून वेगळे होऊन येणारे घटक सरळ उपकरणात सोडता येतात. प्रथिनविज्ञानाची बहुतेक उभारणी या जोडणीवर झाली आहे. प्रथिनांचे मिश्रण ट्रिप्सिन या विकराने कापले जाते. हे विकर लायसीन आणि आर्जिनीन या ॲमिनो आम्लांनंतर साखळी तोडते, त्यामुळे बहुतेक तुकड्यांच्या दोन्ही टोकांना प्रोटॉन धरणारी जागा असते आणि त्यांच्यावर सहज दोन भार येतात. असा आयन वायूच्या रेणूंवर आदळवून फोडला की त्याच्या तुकड्यांच्या द्रव्यमानांतील फरकांवरून ॲमिनो आम्लांचा क्रम वाचता येतो. कॉर्नेल विद्यापीठातील फ्रेड मॅकलॅफर्टी यांनी, जे स्वतः डाऊ या रसायन कंपनीतून अध्यापनाकडे आले होते, प्रथिन आधी न कापता अखंडच उपकरणात घेऊन फोडण्याचा आग्रह धरला. त्यांच्या गटाने १९९८ मध्ये मांडलेल्या इलेक्ट्रॉन ग्रहण पद्धतीला (आयनाला इलेक्ट्रॉन देऊन फोडण्याची पद्धत) अनेक भार असलेलेच आयन लागतात, कारण एकच भार असलेला आयन इलेक्ट्रॉन घेताच उदासीन होतो आणि उपकरणाला दिसेनासा होतो.

हीमोग्लोबिनच्या दोषांचे निदान हा वैद्यकातील सुबोध उपयोग आहे. दात्रकोशिका पांडुरोगात (सिकल सेल) हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते आणि साखळीचे द्रव्यमान १५,८६७ वरून १५,८३७ डाल्टनवर उतरते. तीस डाल्टनचा हा फरक वर्णपटात स्वच्छ दिसतो. हीमोग्लोबिन सी या दुसऱ्या सदोष प्रकारात मात्र त्याच जागी लायसीन येते, फरक एक डाल्टनहूनही कमी पडतो, आणि अखंड साखळीऐवजी तिच्या तुकड्यांकडे वळावे लागते.

प्रथिने एकमेकांना धरून जे समूह बनवतात त्यांच्या अभ्यासासाठीही ही पद्धत वापरली जाते. त्यासाठी आम्लयुक्त द्रावकाऐवजी अमोनियम ॲसिटेटचे उदासीन द्रावण घेतात, म्हणजे घडी उलगडत नाही आणि भार कमी बसतात. शाळा सोडून सोळाव्या वर्षी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून कामाला लागलेल्या आणि मुलांच्या संगोपनासाठी आठ वर्षे संशोधनापासून दूर राहून परतलेल्या कॅरोल रॉबिन्सन यांनी हे क्षेत्र मुख्यत्वे उभे केले. त्या केंब्रिजच्या आणि नंतर ऑक्सफर्डच्याही पहिल्या महिला रसायनशास्त्र प्राध्यापक होत. पेशीपटलातील प्रथिनेसुद्धा अपमार्जकाच्या (साबणासारख्या पदार्थाच्या) आवरणात गुंडाळून उपकरणात नेता येतात आणि आत गेल्यावर ते आवरण झटकता येते, हे त्यांच्या गटाने दाखवले.

मर्यादा : क्षारांचा या पद्धतीला मोठा अडथळा होतो. सोडियमचे आयन प्रोटॉनच्या जागी बसून प्रत्येक शिखराची अनेक शिखरे करतात आणि फॉस्फेट बफरमधील (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारयुक्त द्रावणातील) नमुना तर कित्येकदा काहीच दाखवत नाही, म्हणून नमुना स्वच्छ करण्यातच बराच वेळ जातो. ज्या रेणूंवर भार बसायला जागाच नाही ते या पद्धतीला जवळजवळ दिसत नाहीत. मिश्रणात एखादा घटक भार पटकावण्यात वरचढ असला तर तो बाकीच्यांना दडपतो. त्यामुळे शिखराच्या उंचीवरून पदार्थाचे प्रमाण थेट ठरवता येत नाही. त्यासाठी जड समस्थानिकांनी अंकित केलेला तोच पदार्थ ज्ञात प्रमाणात मिसळून दोन्ही शिखरांची तुलना करावी लागते. मान आणि माथियास विल्म यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास काही मायक्रोमीटर रुंदीच्या टोकाच्या नलिका वापरून प्रवाह मिनिटाला काही दशक नॅनोलिटरपर्यंत खाली आणला. थेंब मुळातच लहान निघत असल्याने क्षारांचा त्रास कमी झाला, नमुन्याचा एक मायक्रोलिटर अर्ध्या तासाहून अधिक पुरू लागला, आणि प्रथिने वेगळी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जेलवरील एका ठिपक्यातून काढलेले प्रथिन ओळखणे शक्य झाले. मात्र इतके बारीक टोक तुंबायलाही फार सोपे असते.