डोंगराच्या कमरेला ढग, डोक्यावर ऊन

मावसभाऊ सुट्टीला टेनेरिफला, म्हणजे अटलांटिकमधल्या स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एका बेटावर, निघालाय. परवा त्याचा वैतागलेला फोन. "दादा, मोबाईलवर सातही दिवस ढगाचं चित्र दिसतंय. बारा महिने ऊन म्हणून तर तिकीट काढलं! रद्द करू का?" कुठल्या गावाचं हवामान बघतोयस, असं विचारलं तर म्हणाला, "गावाचं कशाला? बेट एवढंसं तर आहे. आणि ज्वालामुखीचं बेट म्हटल्यावर खालून ऊब असणारच ना?"

आधी ती ऊब निकालात काढू. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला 0.1 वॉटच्याही आत असते. भर दुपारचं ऊन त्याच जागेवर 1,000 वॉटच्या आसपास देतं. तेइदे ज्वालामुखीच्या माथ्यावर काही भेगांतून गरम वाफा येतात, पण त्यांनी बेटाची हवा तापत नाही. ज्वालामुखीने बेटाला दिली ती उंची, 3,715 मीटर. स्पेनमधलं हे सर्वांत उंच शिखर आहे आणि ढगांची सगळी गंमत त्या उंचीमुळेच घडते.

विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर जाते, पावसात आपलं बाष्प सांडून मोकळी होते आणि साधारण 30 अंश अक्षांशापाशी खाली उतरते, हे शाळेत शिकलेलो असतो. कॅनरी बेटं 28 अंशांवर, म्हणजे या उतरणाऱ्या हवेच्या जवळजवळ खालीच. उतरताना हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी तापते. सायकलचा पंप मारताना गरम होतो, तसंच. उलट समुद्रालगतची हवा कॅनरी नावाच्या थंड सागरी प्रवाहावरून आलेली, म्हणून गार आणि दमट. वर गरम कोरडी हवा, खाली गार ओली हवा. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. मी झाकण म्हणतो.

समजा किनाऱ्यावरची 22 अंशांची हवा डोंगर चढू लागली. सातशे मीटरवर ती 15 अंशांची झाली, बाष्प जमलं, ढग झाला. तेराशे मीटरवर तो ढग 12 अंशांचा. आता वर झाकणातली हवा आहे 18 अंशांची. ढगातली हवा तिच्यापेक्षा जड, मग वर जाणार कशी? ढग तिथेच आडवा पसरतो. म्हणून वरून पाहिलं तर पिंजून अंथरलेल्या कापसासारखा सपाट दिसतो. उन्हाळ्यात झाकण आणखी खाली येतं आणि घट्ट बसतं. ऐन मोसमात उत्तर किनाऱ्यावर करडं छत असतं ते यामुळे. बेटांवरचे लोक त्याला 'गाढवाचं पोट' म्हणतात.

पण ढग उत्तरेलाच का? व्यापारी वारे ईशान्येकडून येतात, म्हणून. ते डोंगर ओलांडून दक्षिणेला का जात नाहीत, हा माझा सगळ्यात आवडता भाग. थोडं गणित आहे, नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

अशा स्थिर हवेचा गोळा वर ढकलला तर तो जड पडून खाली येतो, जरा जास्तच खाली जातो, पुन्हा वर येतो. या झोक्यांच्या गतीला ब्रंट-वैसाला वारंवारता म्हणतात; इथे ती ढोबळमानाने सेकंदाला 0.01 धरू. वाऱ्याचा वेग सेकंदाला 8 मीटर. वेगाला वारंवारतेने भागलं की वारा आपल्या जोरावर किती उंच चढेल ते कळतं: 8 भागिले 0.01, म्हणजे 800 मीटर. समोर आहे 3,715 मीटरची भिंत! वारा मुकाट्याने दोन्ही कुशींनी वळसा घालतो. बेटामागे नैर्ऋत्येला समुद्रावरच्या ढगांत आळीपाळीने उजवे-डावे भोवरे सुटत जातात, उपग्रहाच्या छायाचित्रांत वेणी घातल्यासारखे.

दक्षिण किनारा या आडोशात कोरडा आणि लख्ख राहतो. याच समूहातलं लान्सारोते बेट जेमतेम 671 मीटर उंच. ढग अडवायला तिथे डोंगरच नाही, त्यामुळे अख्खं बेट रखरखीत.

हे झाकण नुसतं कुतूहलाचं नाही. उत्तरेचा लोस रोदेओस विमानतळ सुमारे 630 मीटरवर आहे, म्हणजे ढगाच्या पातळीत. 27 मार्च 1977 रोजी तिथल्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली. दक्षिणेचा विमानतळ पुढच्याच वर्षी सुरू झाला.

मी स्वतः ओरोतावा गावाकडून गाडीने वर गेलो होतो. पाइनच्या जंगलात काच पुसायला वायपर लावावा लागला, पण पाऊस नव्हता. उतरून पाहिलं तर उघडा रस्ता कोरडा आणि झाडाखाली चिखल. कॅनरी पाइनची पानं वीतभर लांब सुया, तीन-तीनच्या जुडीत. धुक्याचे कण सुईवर अडकतात, घरंगळत टोकाशी येतात, थेंब फुगतो आणि टपकतो. मी एका सुईखाली तळहात धरून उभा राहिलो होतो. मागून कोणीतरी हॉर्न दिला. वर दोन-चार वळणं घेतली आणि एकदम निळं आकाश. याच स्वच्छ हवेसाठी खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ 1856 साली दुर्बिणी घेऊन हा डोंगर चढला होता.

भावाला तेवढ्यात एक व्हिडिओही आला होता: शेजारचं ला पाल्मा बेट समुद्रात कोसळणार, अमेरिकेपर्यंत महालाट जाणार. 2021 साली तिथे 19 सप्टेंबरपासून 13 डिसेंबरपर्यंत उद्रेक चालला, लाव्ह्याने घरंदारं गिळली, पण बेट जागेवर राहिलं. टेनेरिफवरचा शेवटचा उद्रेक 1909 चा. पुढच्या उद्रेकाची तारीख ग्रहांवरून सांगणाऱ्यांपेक्षा तिथल्या भूकंपमापकांवर मी जास्त विसंबेन.

तर मुक्काम दक्षिणेला, एक दिवस उत्तरेच्या ओल्या जंगलासाठी, आणि तेइदेसाठी स्वेटर. केबलकार 3,555 मीटरपर्यंत नेते, तिथे जुलैतही गारठा असतो आणि विरळ हवेत कातडी चटकन भाजते. शेवटच्या टप्प्याला चालत जायचं तर वेगळी परवानगी आधी काढावी लागते.

"म्हणजे दक्षिणेला ऊन नक्की?" त्याने विचारलं. जवळजवळ. हिवाळ्यात कधीतरी व्यापारी वारे मंदावतात, अटलांटिकवरून वादळ येतं, झाकण उडतं आणि दक्षिणेलाही पाऊस पडतो. कधी पूर्वेकडून सहाराची धूळ येते, तिला तिथे कालिमा म्हणतात. फेब्रुवारी 2020 मध्ये तिने विमानतळ बंद पाडले होते. ती आली की उत्तरेचं काय आणि दक्षिणेचं काय, खोलीची खिडकी लावूनच बसावं लागतं.