आगळ मागवताय? आधी हे वाचा

उन्हाळा लागला की आम्हाला ठरलेला फोन येतो, "अहो, तुमचं कोकम सरबत खारट लागतंय, बाटली बदलून द्या." फोटो मागवला तर बाटली आगळाची! दोन्ही रातांब्याचंच, म्हणजे कोकमाच्या फळाचंच, रंगही जवळपास सेम, पण सरबतासाठी सालीत साखर भरतात आणि आगळासाठी साली मिठात मुरवतात, मग सुटलेला रस गाळून थेट बाटलीत, साखर अजिबात नाही. ते नुसत्या पाण्यात ओतून ग्लासभर प्यायलं तर खारट लागणारच.

आगळ हे सोलकढीला, आमटीला, माशाच्या कालवणाला. सोलकढी करताना नारळाच्या दुधात चमचा चमचा घालत चव बघा, वरून मीठ आधीच टाकू नका आणि झालेली कढी गरम करू नका, फाटते.

मीठ कमी करा असं बरेच जण सांगतात, पण आगळ टिकतं ते मिठावरच, आम्ही दुसरं प्रिझर्वेटिव्ह घालत नाही, त्यामुळे ते कमी होणार नाही. बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर आमच्याकडे बिनमिठाची सुकवलेली साल मिळते, ती घ्या, रात्री भिजत घातली की सकाळी पाण्याला मस्त रंग येतो. शुगर असणाऱ्यांनीही सरबताऐवजी हीच न्यावी.

आता औषधी गुणांचं. आयुर्वेदात कोकम म्हणजे वृक्षाम्ल, चरकसंहितेत हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर, म्हणून जी दहा द्रव्यं दिलीत त्यात ते आहे. कच्चं फळ कफ-पित्त वाढवतं असं भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितलंय, म्हणून पित्तावर कोकम घेताना फळ पिकलेलं होतं की नाही याला फार महत्त्व आहे. आम्ही पिकून लालभडक झालेलेच रातांबे फोडतो, माल थोडा महाग पडतो तो त्यामुळे. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायची पद्धत घरोघरी आहेच, पण ओठ सुजले किंवा धाप लागली तर आमसूल शोधत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आणि हो, आमसुलावर पांढरे कण दिसले म्हणून पाकीट फेकू नका, ते मीठ आहे, पाण्यात विरघळतं. केसाळ थर आणि कुबट वास असेल तरच बुरशी, तसं पाकीट आम्ही बदलून देतो.

ऑर्डर देताना नुसतं "कोकम पाठवा" लिहू नका, प्यायला हवंय की स्वयंपाकाला ते लिहा. उघडलेली आगळाची बाटली परत घेता येत नाही.