निकस चाऱ्यावर यीस्टची पुडी : मागची गोष्ट

गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा यांत प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. गायीच्या कोठीपोटातल्या (चार कप्प्यांतल्या पहिल्या, मोठ्या पोटातल्या) जिवाणूंना मात्र काम नीट चालवायचे तर आहारात साधारण सात टक्के तरी हवीत. त्यात काडातले सेल्युलोज, म्हणजे पचण्याजोगा तंतू, लिग्निन या न पचणाऱ्या कठीण घटकाने जखडलेले. मग गाय दिवसभर रवंथ करते, पोट टम्म दिसते आणि दूध बादलीच्या तळाशी राहते. यावर ‘यीस्ट (पाव फुगवणारी सूक्ष्म बुरशी) घाला’ हा सल्ला आता पशुखाद्याच्या दुकानापासून डेअरीच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. ही पुडी कुठल्या वाटेने गोठ्यात आली ते पाहिले, की तिच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे बरेचसे उलगडते.

काड सुधारण्याचा खटाटोप यीस्टशिवायच सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत फ्रान्झ लेहमान यांनी काड कॉस्टिक सोड्यात शिजवून पाहिले. 1914 नंतर ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केली, बाहेरून येणारी पेंड आणि धान्य आटले आणि हा प्रश्न जर्मनांच्या गळ्याशी आला. तेव्हा एर्न्स्ट बेकमान यांनी न शिजवता, थंड्या सोड्याच्या पाण्यात काड भिजत घालायची पद्धत बसवली. (रसायनशास्त्र शिकलेल्यांना ‘बेकमान थर्मामीटर’ आठवेल, तेच हे.) काडाची पचनीयता सुमारे 45 टक्क्यांवरून 70 च्या घरात गेली. पण नंतर काड धुवायला भरमसाट पाणी लागे, आणि धुण्यात विरघळणारे पोषक घटकही वाहून जात.

यीस्ट आले ते याच टंचाईत, पण वेगळ्या दाराने. बर्लिनच्या किण्वन संस्थेत माक्स डेलब्रुक आणि त्यांचे सहकारी बिअर कारखान्यांत उरणारे यीस्ट वाळवून जनावरांना घालता येते का, हे आधीपासूनच तपासत होते. युद्धात त्यांनी पुढचे पाऊल टाकले. साखर कारखान्याची मळी आणि अमोनियाचे क्षार यांवर मुद्दाम यीस्ट वाढवायचे, वाळवायचे आणि खाद्य म्हणून वापरायचे. वाळलेल्या यीस्टमध्ये 45 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. इथे यीस्ट म्हणजे सरळसरळ पेंडीची बदली होती. ते जिवंत आहे की मेलेले, याच्याशी कुणाला देणेघेणे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रयोग टोरुला या यीस्टच्या वेगळ्या जातीवर झाला. जर्मनांनी ते लाकडापासून काढलेल्या साखरेवर आणि कागद कारखान्यांच्या सांडपाण्यावर वाढवले. ब्रिटिशांनी जमैकातल्या फ्रोम येथे मळीवर चालणारा कारखाना काढला, तो मुख्यतः माणसांच्या अन्नासाठी. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण मळीचे डोंगर आपल्याकडेही उभे राहिले. पण आपली मळी गेली दारूच्या भट्ट्यांकडे आणि पुढे इथेनॉलकडे. जनावरांच्या वाट्याला आली ती पशुखाद्यातली थोडी, आणि युरिया-मळीच्या चाटण विटांतली.

दुभत्या गायींचा आणि यीस्टचा थेट संबंध लिखित स्वरूपात दिसतो तो 1925 मध्ये. एक्लस आणि विल्यम्स या अमेरिकी संशोधकांनी दुभत्या गायींचे पूरक खाद्य म्हणून यीस्टवर लेख लिहिला. पण कोठीपोटात नेमके चालते काय, हेच तेव्हा पुरते ठाऊक नव्हते. त्यातले सेल्युलोज पचवणारे जिवाणू हवा लागली की मरतात, त्यामुळे ते प्रयोगशाळेत वाढतच नसत. रॉबर्ट हंगेट यांनी 1940 च्या दशकात हवेचा स्पर्श न होऊ देता, फिरत्या नळीच्या आतल्या भिंतीवर त्यांची वाढ करण्याचे तंत्र काढले आणि हे सगळे विश्व उघडे झाले. माझ्या मते यीस्टच्या गोष्टीतला कळीचा माणूस हाच, जरी त्याने यीस्टची पुडी विकली नाही.

पुडी विकणारे दुसरे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स येथे 1943 मध्ये डायमंड व्ही ही कंपनी निघाली. धान्यावर यीस्ट आंबवायचे आणि यीस्टसकट सगळा आंबवलेला माल वाळवून द्यायचा, याला ‘यीस्ट कल्चर’ म्हणत. 1980 मध्ये पिअर्स लायन्स या मद्यनिर्मितीचे शिक्षण घेतलेल्या आयरिश माणसाने केंटकीत ऑलटेक काढली आणि जिवंत यीस्टचे विशिष्ट वाण गोठ्यात आणले. डोस आता किलोवरून ग्रॅमवर आला. काही ग्रॅम यीस्टमधून प्रथिने ती किती मिळणार? तरी काही गायींचे दूध वाढत होते. का, ते मात्र धड कुणाला सांगता येत नव्हते.

उत्तर मिळाले ते स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या रोवेट संस्थेत. कोठीपोट प्राणवायूविना चालते असे आपण म्हणतो, पण चाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर आणि लाळेबरोबर प्राणवायू सतत आत येतच असतो; मेंढीच्या कोठीपोटात दिवसाला 16 लिटरपर्यंत. न्यूबोल्ड, वॉलेस आणि मॅकिंटॉश यांनी 1996 मध्ये दाखवले की यीस्ट हा प्राणवायू शोषून घेते आणि तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मोकळे रान मिळते. त्यांची युक्ती साधी होती : श्वसनच करू न शकणारे यीस्ट त्यांनी वापरून पाहिले, तर जिवाणूंची वाढ झाली नाही. म्हणजे यीस्ट स्वतः काडी पचवत नाही, लिग्निनला तर हातही लावत नाही. कोठीपोटातल्या 39 अंशांत ते फार काळ तग धरत नाही, मुक्काम ठोकत नाही. म्हणून रोज द्यावे लागते. लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही त्याचा आधार मिळतो आणि पोटातली आम्लता फार चढत नाही. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केल्यावर यीस्टची मागणी आणखी वाढली.

आपल्याकडे निकस चाऱ्याचा रस्ता यीस्टकडून गेलाच नाही, तो युरियाकडून गेला. कृती पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून अनेकांनी ऐकलेली असेल : 100 किलो काडाला 4 किलो युरिया, 40 ते 60 लिटर पाण्यात विरघळवून. काडाचा थर पसरायचा, झारीने पाणी शिंपायचे, पायांनी दाबायचे, वर पुढचा थर. शेवटी प्लॅस्टिकने असे झाकायचे की वास बाहेर येता कामा नये. 21 दिवसांनी कागद उचलला की अमोनियाने डोळे चुरचुरतात; काड पिवळसर-तपकिरी, हाताला मऊ झालेले असते. ते वाऱ्यावर पसरून उग्र वास उडाल्यावरच गव्हाणीत घालायचे. इथे दोन्ही कामे होतात. युरियातून सुटलेला अमोनिया लिग्निनची पकड ढिली करतो आणि ज्यातून जिवाणू प्रथिने बनवतात ते नत्रही काडात उतरते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत युरियाने प्रक्रिया केलेल्या काडावर बुरशी वाढवण्याची पद्धत निघाली. प्रथिने वाढली, पण बुरशीने काडातला बराच ऐवज स्वतःच फस्त केला.

हे सगळे कागदावर चांगले, गावात मात्र फारसे रुजले नाही. प्लॅस्टिक, पाणी, मजूर आणि तीन आठवडे थांबण्याची तयारी, चारही एका वेळी कुठून आणायचे? तेही पाणी टँकरने येत असताना. दुष्काळात चारा छावणीत उसाचीच कुट्टी पुढे येते, तिथे प्रक्रियेचे नाव कोण काढणार?

दरम्यान गायच बदलली. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही गोपैदास सुधारणारी संस्था सुरू केली, 1970 पासून दूध महापूर योजना आली, गोठ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) आणि जर्सीच्या संकरित गायी उभ्या राहिल्या. गाय वीस लिटरची, वैरण मात्र जुनीच. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले तिथे कडबाही गेला. मधली फट खुराकाने भरली : सरकी पेंड, मका भरडा, गोळी पेंड. खुराक वाढला की कोठीपोट आंबते, फॅट घसरते, आणि 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरलेल्या दरात कपात होते. यीस्टची पुडी आपल्या गोठ्यात शिरली ती या दारातून. चाऱ्याच्या निकसपणावर उपाय म्हणून ती विकली जाते खरी, पण तिचे मूळ काम खुराकाने बिघडलेले पोट सावरणे हेच जास्त आहे.

आकडेही तेच सांगतात. 2009 मध्ये फ्रेंच संशोधकांनी रवंथ करणाऱ्या जनावरांवरच्या अनेक प्रयोगांचे एकत्र गणित मांडले. दूध वाढले ते वजनाच्या किलोमागे 1.2 ग्रॅम. आपल्या 400 किलोच्या संकरित गायीला हे लावले तर दिवसाला जेमतेम अर्धा लिटर. पचनीयता 0.8 टक्क्यांनी आणि फॅट 0.05 ने वर. आम्लता आवरण्याचा परिणाम खुराकाचे प्रमाण जास्त असेल तिथे अधिक ठळक. नुसत्या काडावरच्या गायीला आधी नत्र हवे : युरिया, पेंड किंवा द्विदल चारा. ते नसेल तर जिवाणूंना मोकळे रान मिळून उपयोग काय? आणखी एक व्यवहाराची बाब म्हणजे जिवंत यीस्ट उष्णतेला नाजूक. गोळी पेंड बनवताना वाफेत मरते, विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पिशवीतही टिकत नाही. त्यामुळे पिशवी सावलीत ठेवावी आणि आंबोणात घालायचे तर पाणी कढत नसावे.

यीस्टने खाद्यच सुधारायचे, हा जुना बर्लिनचा विचार अलीकडे पुन्हा डोके वर काढतो आहे तो थायलंडमध्ये. खोन केन विद्यापीठातल्या मेथा वानापत यांच्या गटाने कसाव्याचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाचे, वाळलेले काप यीस्ट, साखर आणि युरिया यांच्या पाण्यात आंबवले. दोन-तीन टक्के प्रथिनांचा कंद तीसच्या घरात पोचला. कसाव्यात पिष्ट असते, म्हणून यीस्टला तिथे खायला मिळते. कडब्यात तसे काही हाताशी नसते. शिवाय प्रयोगशाळेत कच्ची प्रथिने मोजतात ती एकूण नत्राला 6.25 ने गुणून, त्यामुळे न वापरला गेलेला युरियाही त्या तीस टक्क्यांत प्रथिने म्हणूनच धरला जातो.