पतसंस्था-विकासासाठी परकीय साहाय्य (ग्रामीण विदर्भ)

सभासदांची बचत गोळा करून ती सभासदांनाच कर्जाऊ देणाऱ्या संस्था गरीब देशांत उभ्या राहाव्यात व टिकाव्यात, म्हणून परदेशी सरकारे, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था आणि सहकारी महासंघ देत असलेली मदत. ती कर्जाऊ भांडवल, अनुदान, प्रशिक्षण, हिशेबाची पद्धत किंवा कायद्यातील सुधारणा अशा रूपांत येते. विदर्भात अशी मदत मुख्यतः केंद्र व राज्य सरकारांच्या मार्फत आली. त्यामुळे आपल्या गावच्या कामात बाहेरचा पैसा आहे, हे सभासदाला बहुधा ठाऊक नसते.

गावात पत पुरवणाऱ्या संस्था तीन प्रकारच्या दिसतात. सेवा सोसायटी पीककर्ज देते, पण पैसा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा असतो. पतसंस्था सभासदांच्या ठेवींवर चालते आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते. तिच्या ठेवींना बँकेसारखे ठेवविम्याचे संरक्षण नाही. तिसरा बचत गट. तो या नोंदीतील मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळचा आहे : दहा ते वीस बाया, दरमहा ठरलेली बचत आणि गटातल्या गटात बहुधा महिन्याला शेकडा दोनने फिरणारे कर्ज.

ही मदत नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच आली असे नाही. जर्मनीतील राइफायझेन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांचा नमुना समोर ठेवून हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. १९०७ मध्ये बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फिलीन इथे आले, खेड्यांतील नव्या पतसंस्था पाहून प्रभावित झाले आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या १९०९ च्या पतसंस्था कायद्यामागे त्यांचा मोठा हात होता. पुढे अमेरिकेतील पतसंस्थांच्या महासंघाने १९५४ मध्ये परदेशांत प्रसाराचे काम हाती घेतले. १९७१ पासून ते पतसंस्थांच्या जागतिक परिषदेकडे आहे.

या साहाय्याचा सर्वांत महागडा धडा लॅटिन अमेरिकेत मिळाला. १९६० व १९७० च्या दशकांत देणगीदारांनी तिथल्या पतसंस्थांमधून स्वस्त शेतीकर्ज वाटले. बाहेरचा पैसा सुलभ असल्यावर ठेवी मिळवायची निकड उरली नाही. बचतीवर व्याज नाममात्र, कर्ज स्वस्त, म्हणून संस्था कर्ज घेणाऱ्यांच्या हाती गेली आणि बचत करणारा दुरावला. मदत आटताच अनेक संस्था कोलमडल्या. १९८७ मध्ये अमेरिकी मदतीने ग्वाटेमालात सुरू झालेल्या प्रकल्पात रोख उलटा केला गेला : भांडवल देण्याऐवजी ताळेबंद दुरुस्त करायचा. त्यातून ‘पर्ल्स’ नावाची मोजमाप-पद्धत रूढ झाली. तिच्या निकषांनुसार मालमत्तेचा ७० ते ८० टक्के भाग सभासदांच्या बचतीतून यावा, बाहेरची उसनवारी ५ टक्क्यांच्या आत असावी, थकबाकीही ५ टक्क्यांच्या आत राहावी आणि १२ महिन्यांहून जास्त थकलेल्या कर्जासाठी पूर्ण तरतूद व्हावी.

या फूटपट्टीवर विदर्भातील सेवा सोसायटी पहिल्याच निकषाला अडते, कारण तिची रचनाच उसनवारीची आहे. वरून मंजुरी येते, सोसायटीचे दप्तर सांभाळणारा गटसचिव कागद करतो, आणि मार्चअखेर जवळ आली की नवं-जुनं होते : कुठून तरी हातउसने आणून जुने कर्ज भरायचे, लगेच नवे उचलायचे, त्यातून हातउसने फेडायचे. कागदावर वसुली चोख दिसते. ज्याने चार दिवसांसाठी पैसे दिले, तो मात्र आपले व्याज कापून घेतो. त्यात पीक कोरडवाहू. पाऊस हुकला की कापूस, सोयाबीन, तूर साऱ्या गावाची एकदमच जाते, म्हणून एकाने थकवले तर दुसऱ्याने सांभाळायचे हे सहकाराचे गणित इथे गावापुरते चालत नाही. २००२ च्या सरकारी रोखे घोटाळ्यात नागपूर व वर्धा जिल्हा बँकांचे पैसे अडकले आणि वरचा आधारही खिळखिळा झाला. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यालाच होती. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर जमीन पुष्कळदा त्याहून जास्त असते, उत्पन्न नसते. नियमित फेडणाऱ्याला तर माफीतून काहीच मिळाले नाही, ही सल वसुलीत पुढेही जाणवत राहिली.

या सहकारी पतरचनेच्या दुरुस्तीसाठी वैद्यनाथन समितीच्या शिफारशींवर आधारलेला कार्यक्रम केंद्राने २००६ पासून राबवला. त्याला जागतिक बँकेने २००७ मध्ये ६० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. अटी पैशाइतक्याच महत्त्वाच्या होत्या : विशेष लेखापरीक्षण, एकसारखी हिशेबपद्धत, आणि राज्य सरकारचा भागभांडवलातील वाटा २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित.

दुसरी वाट संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या कर्जाची. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, या निधीच्या साहाय्याने २००७ ते २०१८ या काळात राज्यभर बचत गटांसाठी तेजस्विनी कार्यक्रम चालवला. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांत त्याच निधीच्या कर्जावर ‘केम’ हा कृषी विकास प्रकल्पही होता. तेजस्विनीतील खरी कल्पक गोष्ट म्हणजे लोकसंचालित साधन केंद्र. परिसरातील गट मिळून ते चालवतात आणि त्यातील सहयोगिनी, म्हणजे गटांसोबत काम करणारी कार्यकर्ती, गटांच्या वह्या तपासते, बँकेचा कर्जप्रस्ताव तयार करते. बाहेरचा पैसा मुख्यतः प्रशिक्षण, मनुष्यबळ आणि हिशेबावर गेला. गटाला मोठे कर्ज बँकेनेच दिले. ग्वाटेमालाचा धडा इथे कोणी मुद्दाम गिरवला असो वा नसो, वाट तीच होती. फरक एवढाच की साधन केंद्राला लोकांच्या ठेवी घेता येत नाहीत. त्यामुळे गटाची बचत वाढली तरी ती शेवटी बँकेच्या खात्यातच जाऊन पडते, आणि गावातून पतसंस्था उगवण्याची पायरी राहून जाते.

गटातील बचत स्त्रीची असली तरी कर्ज पुष्कळदा बियाणे व खतासाठी नवऱ्याच्या शेतात जाते. परतफेड मात्र ती मजुरीतून करते. वसुलीच्या टक्केवारीत हे दिसत नाही.

अलीकडे हिशेबाचे काम देशी पैशानेही होऊ लागले आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे सेवा सोसायट्यांच्या, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. माविमचा कार्यक्रम नव तेजस्विनी या नावाने पुन्हा कृषी विकास निधीच्याच कर्जावर सुरू झाला असून, त्यात भर गटांच्या उत्पादनांना बाजार मिळवून देण्यावर आहे.